आर्ट थेरपी शिकायला परदेशी यायचं म्हणतेस, तर…

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.एफ.ए. झालंय, अशोक चौकाजवळच्या शाळेत तीन वर्षं चित्रकला शिकवतेस, घरी यंत्रमाग आहेत आणि तुला आर्ट थेरपिस्ट, म्हणजे चित्रं-मातीकामातून मनावर उपचार करणारी, व्हायचंय. विचारलंयस ते असं: इंग्लंड की अमेरिका, मानसशास्त्राची पदवी नसताना प्रवेश मिळेल का, एवढं कर्ज काढावं का, आणि शिकून सोलापूरला परत येता येईल का. मी जोडभावी पेठेतली. पाच वर्षांपूर्वी याच शिक्षणासाठी इंग्लंडला आले, आता इथल्या सरकारी आरोग्यसेवेत काम करते. ताई म्हटलंयस, तर मोकळेपणानं लिहिते.

देश, फी, व्हिसा हे सगळं पुढे सांगतेच. पण या शिक्षणात पहिला पेशंट आपणच असतो, हे मला प्रवेश घेईपर्यंत नीट कळलं नव्हतं. ते तुला आधी कळावं.

दर आठवड्याला एक गट असतो. आठ-दहा विद्यार्थी, समोर कागद, रंग, माती, आणि विषय दिलेला नसतो. पहिले दीड-दोन महिने मी सुबक चित्रं काढत राहिले. आपल्याकडं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला हात जसा घडतो तशीच: स्थिरचित्रासारखी छाया, संकल्पचित्रासारखी समतोल रचना. कुणी काही म्हणायचं नाही. मग एकदा मातीचा गोळा घेऊन बसले होते. बोलता बोलता बोटं आपोआप चालू होती. शेजारच्या मुलीनं विचारलं, "तू हे काय करतेयस?" खाली बघितलं तर मातीच्या बारीक सुरळ्यांची रांग लागली होती. विड्या. माझी आजी विडी कामगार होती. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. हजारावर मजुरी. तिच्या हाताला तंबाखूचा वास यायचा म्हणून शाळेच्या गॅदरिंगला तिनं माझा हात धरला की मी सोडवून घ्यायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दहा परक्या माणसांसमोर, मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

तुला हे सगळं सांगितलं, कारण इथं काम करताना मला रोज याच अनुभवाचा आधार असतो. समोरचा माणूस कागदावर काहीतरी करतो आणि त्याला स्वतःलाच नंतर कळतं की आपण काय केलं. तोवर आपण शेजारी बसायचं. 'काळा रंग म्हणजे दुःख', 'झाडाला मुळं नाहीत म्हणजे मूल असुरक्षित' असले अर्थ सांगत फिरणं म्हणजे आर्ट थेरपी नव्हे. पेशंट, थेरपिस्ट आणि चित्र या तिघांचं नातं धरून काम चालतं. चित्र पेशंटचं असतं, ते जपून ठेवतात, त्याची गुप्तता उपचाराच्या नोंदींसारखीच पाळतात. चित्रकलेच्या शिक्षिकेला इथंच फार जड जातं. मुलाचा हात थांबला की "असं कर" म्हणायची आपली सवय. ती मोडायला मला वर्ष लागलं.

शिवाय अभ्यासक्रम चालू असेपर्यंत आपण स्वतःही थेरपी घ्यायची असते, दर आठवड्याला, बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खर्चानं. मला एका तासाला ५० पौंड पडायचे. माहितीपत्रकात हे शेवटच्या पानावर असतं, खर्चाच्या हिशोबात मात्र पहिल्या पानावर धर. भाषेचंही सांगते. 'घुसमट', 'हुरहुर', 'जीव लागत नाही' हे थेरपीत इंग्रजीत सांगायला गेले की निम्मं सांडायचं. शेवटी मी मराठी शब्दच वापरायला लागले आणि मग त्याचा अर्थ समजावण्यात जो वेळ जायचा त्यातूनच बरंच काही बाहेर यायचं. तुझ्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी. याला कमी समजू नकोस.

आता इंग्लंड की अमेरिका. तुझ्या परिस्थितीत मी इंग्लंड म्हणेन, आणि कारण सरळ आहे. इथं 'आर्ट थेरपिस्ट' आणि 'आर्ट सायकोथेरपिस्ट' ही दोन्ही नावं कायद्यानं राखीव आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, हिनं मान्य केलेली एम.ए. किंवा एम.एस्सी. केली की नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पूर्णवेळ दोन वर्षं, प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यातच. पदवीनंतर आणखी शेकडो तास भरायचे नसतात. लंडनचं गोल्डस्मिथ्स, रोहॅम्प्टन, हर्टफर्डशर, डर्बी, एडिनबराचं क्वीन मार्गारेट ही या विषयातली जुनी नावं. पण अर्ज करायच्या दिवशी एचसीपीसीच्या यादीत अभ्यासक्रमाचं नाव आहे की नाही ते स्वतः बघ. 'आर्ट्स अँड वेलबीइंग' अशा गोड नावाचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही असतात. त्यांनी नोंदणी मिळत नाही. एजंट हे सांगणार नाही.

अमेरिकेत हे शास्त्र खूप बहरलं, तिथली संघटना १९६९ पासूनची आहे. तिथं साधारण ६० क्रेडिटचं मास्टर्स, त्यात किमान ७०० तासांचं देखरेखीखालचं काम. प्रवेशासाठी चित्रकलेचे आणि मानसशास्त्राचे ठरावीक क्रेडिट आधीच पूर्ण हवेत. तुझ्याकडं पहिले भरपूर, दुसरे जवळपास नाहीत. खरी अडचण पदवीनंतरची. परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी पदवीनंतर १,५०० तास देखरेखीखाली काम आणि परीक्षा. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर कामाला १२ महिने मिळतात, कारण इंजिनियर-संगणकवाल्यांची जादा मुदत या विषयाला लागू नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यापासून खंड न पडता आठवड्याला २९ तास भरले तरच हिशोब जुळतो. तिथं नातेवाईक किंवा जास्त पैसा असता तर वेगळं बोलले असते.

मानसशास्त्राची पदवी इंग्लंडला लागत नाही, बी.एफ.ए. चालतं. ते दोन गोष्टी बारकाईनं बघतात. एक पोर्टफोलिओ. त्यात प्रदर्शनात लावायची चित्रं कमी ठेव, स्केचबुकं, बिघडलेली, अर्धवट सोडलेली कामं ठेव. मुलाखतीत मला सगळ्यात जास्त प्रश्न एका फाटलेल्या कागदावर आले. दुसरी गोष्ट अनुभव. साधारण वर्षभराचं पूर्णवेळ काम, तेही माणसांच्या अडचणीशी संबंधित: विशेष शाळा, वृद्धाश्रम, मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्र. वर्गात चाळीस मुलांना चित्रकला शिकवणं यात पुरेसं धरतीलच असं नाही. म्हणून येतं वर्ष सोलापुरातच काढ. शाळा अर्धवेळ कर आणि मतिमंद किंवा कर्णबधिर मुलांच्या शाळेत जा. 'मला शिकवायचं नाहीये, बसायचंय' असं स्पष्ट सांगून जा. रोज घरी येऊन अर्धं पान लिही: आज काय बघितलं आणि मला काय वाटलं. ही दोन वाक्यं वेगवेगळी ठेवायला जमलं तर अर्धं शिक्षण झालंच. त्या वर्षात मन उतरलं तर तेही बरंच, कर्ज तरी वाचेल.

पैशाचं स्पष्ट सांगते. परदेशी विद्यार्थ्यांना फी वर्षाला साधारण १५ ते २५ हजार पौंड, आणि वर्षं दोन. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा सव्वादोन वर्षांच्या आसपासचा निघतो, म्हणून अडीच वर्षांचे १,९४० पौंड अर्ज करतानाच एकरकमी भरावे लागतात. शिवाय राहण्याच्या ९ महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसायला हवी. आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्लेसमेंट, म्हणजे शिकताना करायचं प्रत्यक्ष काम, त्यात धरत नाहीत. पण प्लेसमेंट बिनपगारी असतं, त्यात वाचन आणि स्वतःची थेरपी, म्हणून २० तास झेपत नाहीत. मी १२ केले. शिष्यवृत्तीत सगळे ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगचं नाव सांगतील, ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते, आपलं दोन वर्षांचं. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि आपल्या विषयाची बरीच विद्यापीठं त्यात बसत नाहीत. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती मात्र जरूर बघ.

नोंदणी झाल्यावर सरकारी आरोग्यसेवेत सुरुवात बहुधा 'बँड ६' या वेतनश्रेणीत होते. २०२५-२६ मध्ये त्याचा पगार ३८,६८२ पौंडांपासून होता. जागा मात्र थोड्या, त्यातल्या कितीतरी अर्धवेळ. शिक्षणानंतर थांबायचा व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा मिळायचा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचा मिळेल. तुझी बॅच त्यातच येणार. तेवढ्यात पुढचा व्हिसा प्रायोजित करणारी नोकरी मिळाली नाही तर पौंडातलं कर्ज रुपयात फेडायचं, हा हिशोब बाबांसमोर बसून मांड. त्यासाठी माग गहाण टाकायला लागत असतील तर थांब. हे मी मनापासून म्हणतेय. लग्न ठरत असेल तर हेही लक्षात ठेव की २०२४ पासून अशा, संशोधनाच्या नसलेल्या मास्टर्सला नवऱ्याला सोबत आणता येत नाही.

कागदपत्रांत दोनच गोष्टींवर जोर देते. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या केंद्रातच लागते. आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला भारतातूनच घेऊन ये. तो नसल्यानं माझं पहिलं प्लेसमेंट ऐनवेळी दुसऱ्याला गेलं आणि दोन महिने मी नुसती वाचत बसले.

क्षयरोगावरून आठवलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या चित्रकारानं १९४२ साली रूढ केला. १९३८ च्या सुमारास तो क्षयानं सॅनेटोरियममध्ये होता, पडल्या पडल्या चित्रं काढायचा, मग शेजारच्या रुग्णांनाही काढायला द्यायला लागला. तुझे बाबा म्हणाले ना, डॉ. कोटणीस सोलापुरातून चीनला गेले ते परत आलेच नाहीत? ते गेले १९३८ मध्ये आणि वारले १९४२ मध्ये. ही वर्षं शेजारी शेजारी लिहिताना माझा हात थांबला होता. बाबांची भीती मोठी आहे, तिला उत्तर देऊ नकोस, ऐकून घे.

परत येण्याविषयी. इथली नोंदणी भारतात चालत नाही. या पदवीवर भारतीय पुनर्वास परिषदेची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणीही मिळत नाही. दोन दिवसांचं शिबिर करून थेरपिस्टची पाटी लावलेले लोक मी आपल्याकडं पाहिलेत, तुला त्यांच्याच रांगेत उभं करतील. आणि प्रत्येक डॉक्टर विचारेल, पुरावा काय. खरं सांगायचं. २०१२ मध्ये इथं स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, त्यात गटातल्या आर्ट थेरपीचा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. अनेक जण गटाला आलेच नव्हते, हेही त्यातच आहे. इथल्याच २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तरी या आजारात कलोपचारांचा विचार करावा असंच म्हटलं. दोन्ही बाजू सांगता आल्या की डॉक्टर ऐकतात.

तरीही परत येता येतं असं मला वाटतं, आणि मी स्वतः तीन वर्षांनी यायचं ठरवलंय. कर्ज फिटेल, हाताशी अनुभव असेल. सोलापूरच्या पूर्वभागात दिवसभर मागाच्या खडखडाटात काम केलेल्या बाईला बोल म्हटलं तर ती काय बोलणार? तिच्यासमोर माती ठेवायला, आणि तिच्याच तेलुगूत गप्प बसायला, कुणीतरी हवं. माझी तेलुगू तोडकी आहे. तुझी नाही.

अर्जासोबतचं निवेदन लिहायला घे आणि मला पाठव. आधी तेलुगूत किंवा मराठीत लिही, जे आधी येईल त्यात. इंग्रजीचं आपण दोघी मिळून नंतर बघू.