आजीबद्दल लिहायला बसण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं टिपणही वाचलं. स्मरणसभेत आजीबद्दल बोलायचं काम घरच्यांनी तुझ्यावर टाकलं, हे बरं केलं. टिपणात खोटं काहीच नाही. पण प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांना धरून राहणारी हे नव्वदी ओलांडलेल्या कुठल्याही बाईबद्दल म्हणता येईल, आणि म्हटलंही जातं. ती तुझी आजी आहे हे मला टिपणाच्या शेवटापर्यंत कळलं नाही.

अडचण तुझ्या लिखाणात नाही, तिच्या वयात आहे. एवढं मोठं आयुष्य जगलेल्या माणसाला ओळखणारे बहुतेक लोक त्याची उत्तरार्धातलीच ओळख सांगतात. सभेला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला केस पांढरे झाल्यावरच पाहिलं असणार. विशीतली, तिशीतली आजी पाहिलेली माणसं तिच्याआधीच गेली. म्हणून अशा भाषणांमधल्या आज्या जन्मतःच म्हाताऱ्या असतात. एक कागद घे, तिच्या आयुष्याची दशकं एकाखाली एक मांड आणि प्रत्येकासमोर लिही, त्या काळात तिला पाहिलेलं आज कोण हयात आहे. जिथे एकच नाव येईल तिथून सुरुवात कर, आणि त्या माणसाचं वय बघून घाई कर.

तिच्या तरुणपणाच्या गोष्टी ती स्वतःच पुन्हापुन्हा सांगायची, असं तू जरा कंटाळूनच लिहिलं आहेस. त्या कंटाळ्यात तुझ्या हाती बरंच काही लागलेलं आहे. म्हाताऱ्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, हे मानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसून आलं आहे. आणि रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्येच मांडलं होतं की वृद्धांचं मागचं उगाळत बसणं म्हणजे बुद्धीचा ऱ्हास नव्हे. संपत आलेल्या आयुष्याचा हिशेब माणूस स्वतःशी लावत असतो. तेव्हा तिने सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला विचार. ती गोष्ट तिने निवडलेली आहे. तिचं स्वतःचं मत म्हणून तुझ्या हाती आता तेवढंच उरलं आहे.

आता तिच्या गोतावळ्याबद्दल. 'तिला माणसांची आवड होती' असं एक वाक्य लिहून तू पुढे गेलास. मी असतो तर अर्धं भाषण तिथेच थांबलो असतो. आवड पुष्कळांना असते, पण साठ-सत्तर वर्षं शेकडो माणसांशी संबंध टिकवणं हे काम आहे, आणि त्याला वेळ, स्मरणशक्ती आणि बराचसा धूर्तपणा लागतो. मिकाएला डी लिओनार्दो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1987 मध्ये नेमकं हेच दाखवलं: पत्रं, फोन, भेटी, सणासुदीची जमवाजमव हे सगळं नातेसंबंधांचं श्रम आहे आणि ते बहुतांशी बायकाच करतात. त्याआधी दोन वर्षं कॅनडात समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन रोझेन्थल यांनीही कुटुंबं तपासली होती. नातेवाइकांना एकमेकांशी जोडून ठेवणारं एखादं माणूस पुष्कळ घरांत होतं, आणि ते बहुधा बाईच होती. घरात हे काम कुणी मोजत नाही, कारण ते नीट झालं तर दिसतच नाही.

ते दिसण्यासाठी तिची फोन नंबरांची वही माग. कुठले नंबर खोडून नवे लिहिलेत, कोणाच्या नावापुढे मुलांची नावं आहेत, कोण तिथे फक्त टोपणनावाने आहे, हे बघ. माणसांना भेटशील तेव्हा 'आजी कशी होती?' हे अजिबात विचारू नकोस, उत्तरादाखल पुन्हा विशेषणंच येतील. 'तिने तुम्हाला शेवटचा फोन कशासाठी केला होता?' असं विचार. मग कोणाच्या परीक्षेचा निकाल होता, कोणाचं ऑपरेशन होतं, कोणाची नोकरी गेलेली तिला तिसऱ्याकडून कळली होती आणि तिने ते कळल्याचं न दाखवता चौकशी केली होती, असं एकेक निघेल. कोणत्या दोन भावांना शेजारी बसवायचं नाही आणि कोणाला आमंत्रण कोणाकडून गेलं पाहिजे, हे तिला पाठ होतं. हे तपशील सभेत सांग. ऐकणारे हसतील, आणि त्यातले दोघेतिघे जरा अस्वस्थही होतील. होऊ देत.

अशा बायकांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी सुटते. एवढ्या माणसांत वावरणाऱ्या बाईला एवढ्याच माणसांची गुपितंही ठाऊक असतात. तिने काय काय सांगितलं नाही, यावर तिचं निम्मं घर उभं असतं. तुला ती गुपितं मिळायची नाहीत, आणि कोणी द्यायला लागलं तरी घेऊ नकोस. पण लोक तिच्याकडे मन मोकळं करायला का येत होते आणि ती नंतर त्याचा उच्चार कसा करत नव्हती, हे जरूर लिही. बोलक्या बाईचं हे मौन मला तिच्या बोलण्याइतकंच मोठं वाटतं.

'तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही' हे वाक्य मात्र काढच. कोणी विचारलं होतं का तिला? तिला काय हवं होतं, काय सोडावं लागलं, हे तिच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला माहीत असेल, मुलांना नसेल. तिला बिचारी करायचीही गरज नाही. घरातली लग्नं, भांडणं, उसनवाऱ्या तिच्या होकाराशिवाय पुढे सरकत नव्हत्या ना? मग ती सत्ता होती. ती तिने कशी वापरली, कोणाच्या बाजूने वापरली, कुठे चुकली, हे आलं की त्यागालाही वजन येतं. त्याग न मांडता तुला तो दाखवता येईल.

आठवणी गोळा करताना माणसांना एकेकटं गाठ. सगळ्यांना एका खोलीत बसवलंस तर सर्वांत मोठ्या आवाजाच्या काकांची आवृत्ती तासाभरात सगळ्यांची होते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्ये दाखवलं की गोष्ट पुन्हापुन्हा सांगताना आखूड होत जाते, आणि न पटणारे भाग सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसवले जातात. घराघरांतल्या गोष्टींचं हेच होतं. म्हणून दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर मिटवू नकोस, दोन्ही ठेव. घराबाहेरच्यांनाही विचार: शेजारीण, कामाला येणाऱ्या बाई, फिरायला सोबत जाणारी मैत्रीण. अ‍ॅलन नेव्हिन्स या अमेरिकी इतिहासकाराने 1948 मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं, म्हणजे माणसांच्या तोंडून आठवणी नोंदवून ठेवण्याचं, काम सुरू केलं, तेव्हा मुलाखती प्रामुख्याने नामवंतांच्याच होत होत्या. तुझ्या आजीकडे कोणी ध्वनिमुद्रक घेऊन जाणार नव्हतं. तुझ्या खिशात फोन आहे. परवानगी विचारून मुद्रण कर.

शेवटी दोन प्रती कर. एक सभेसाठी, सात-आठ मिनिटांत संपेल अशी, जिवंत माणसांना झोंबणारं काढून टाकलेली. दुसरी लांब, घरात ठेवायची, कोणी काय आणि केव्हा सांगितलं याच्या नोंदींसकट. तिचं कोणाशी तरी अनेक वर्षं बोलणं बंद होतं असं तू ओझरतं लिहिलं आहेस. ते दुसऱ्या प्रतीत जाऊ दे. आणि ती व्यक्ती हयात असेल तर तिलाही भेट. आजीबद्दल सर्वांत नेमकं कदाचित तीच बोलेल.

सभेला अजून दिवस आहेत. आधी आजीच्या धाकट्या बहिणीला फोन लाव, आणि त्यांना ऐकू कमी येत असेल तर सरळ भेटायलाच जा. सभेची प्रत झाली की पाठव, खोडायचं काम माझ्याकडे.

तुझा,
सर