जॉर्डनमध्ये महागाईवरून एवढी आंदोलनं होतात, सरकारं पडतात, मग ट्युनिशिया-इजिप्तसारखी राजवट का बदलत नाही?

तिथे सरकार पडतं ते राजवट पडू नये म्हणूनच, असं माझं मत आहे. जॉर्डनचा पंतप्रधान लोकांनी निवडलेला नसतो. त्याला राजा नेमतो आणि राजाच काढतो. भाववाढीचा निर्णय त्याच्या सहीने निघतो, लोक त्याच्या नावाने शिव्या घालतात आणि प्रकरण हाताबाहेर जायला लागलं की राजा लोकांचा कैवार घेऊन त्याला घरी पाठवतो. थोडक्यात, जॉर्डनचा पंतप्रधान म्हणजे घरातला फ्यूज. लोड वाढला की तोच जळायचा.

माझा धंदा खताचा. जॉर्डनमधून भारतात पोटॅश आणि रॉक फॉस्फेट येतं, त्यामुळे तिथल्या बातम्यांवर नजर ठेवावीच लागते, आणि ती राजधानी अम्मानपेक्षा दक्षिणेकडे जास्त जाते. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं दक्षिणेतच आहे.

१९८८ मध्ये दिनार गडगडला, कर्ज फेडता येईना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबर (IMF) करार झाला आणि एप्रिल १९८९ मध्ये इंधनाचे भाव वाढले. भडका उडाला तो मआन या दक्षिणेतल्या गावात, आणि तिथून करक, तफीला असा पसरला. हे चकित करणारं होतं. अस्वस्थता निर्वासित छावण्यांमधल्या पॅलेस्टिनी लोकांत असेल अशी सगळ्यांची समजूत, आणि रस्त्यावर आले ते सिंहासनाचे हक्काचे पाठीराखे समजले जाणारे टोळ्यांमधले, म्हणजे मूळच्या जॉर्डनी जमातींमधले लोक. कारण सरळ होतं. व्यापार-उदीम बराचसा पॅलेस्टिनी वंशाच्या जॉर्डनी लोकांच्या हातात, तर दक्षिणेतल्या घरांतली पोरं लष्करात, पोलिसात, सरकारी कचेऱ्यांत. तुम्ही निष्ठा द्या, आम्ही नोकरी आणि स्वस्त भाकरी देतो, असा तो न लिहिलेला करार. सरकारी खर्चाला कात्री लागली की पहिला घाव याच घरांवर बसतो.

राजा हुसेन तेव्हा अमेरिकेत होते. परत येऊन त्यांनी पंतप्रधान झैद अल-रिफाईंना काढलं आणि त्याच नोव्हेंबरमध्ये निवडणूक घेतली. १९६७ नंतरची ती पहिली सार्वत्रिक निवडणूक. तिच्यात मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी राजकारण करणाऱ्या संघटनेने ८० पैकी २२ जागा जिंकल्या, म्हणून १९९३ मध्ये मतदानाचा नियम बदलून टोळी आणि कुटुंब बघून मत पडेल अशी सोय केली गेली. एका हाताने दिलेली सुधारणा दुसऱ्या हाताने छाटायची, हा क्रम पुढेही चालू राहिला.

१९९६ मध्ये पाव महागला आणि करक पेटलं. २०११ मध्ये ट्युनिशिया-इजिप्तपासून अरब जगात क्रांतीचं वारं फिरलं, तेव्हा राजे होते हुसेन यांचे पुत्र अब्दुल्ला आणि पंतप्रधान होते समीर रिफाई, म्हणजे १९८९ मध्ये काढलेल्या रिफाईंचेच चिरंजीव. तेही गेले. घटना दुरुस्त झाली, घटनात्मक न्यायालय आणि स्वतंत्र निवडणूक आयोग आला. पंतप्रधान नेमण्याचा अधिकार मात्र राजाकडेच राहिला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वयंपाकाचा गॅस साडेसहा दिनारांवरून दहावर गेला, तेव्हा काही लोकांनी थेट राजाविरुद्ध घोषणा दिल्या. राजाचा अवमान हा तिथे गुन्हा आहे, त्यामुळे याचं वजन मोठं.

भ्रष्टाचाराचा राग यात धरलाच पाहिजे. फॉस्फेटच्या खाणी दक्षिणेत, गरिबीही दक्षिणेत. सरकारी फॉस्फेट कंपनीतला मोठा हिस्सा २००६ मध्ये विकला गेला, त्यावरून वर्षानुवर्षं ओरड होती. कंपनीचे माजी अध्यक्ष म्हणजे राजाच्या आत्याचे यजमान. २०१३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, पण ती त्यांच्या गैरहजेरीत, ते देशाबाहेर असताना.

माझ्या मते सगळ्यात वेगळं आंदोलन २०१८ चं. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच पावावरचं अनुदान काढलं होतं. मग नव्या आयकर विधेयकात व्यक्तीसाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,००० दिनारांवरून ८,००० वर आणायचा प्रस्ताव आला. ३० मे रोजी डॉक्टर, इंजिनियर, वकील यांच्या संघटनांनी संप पुकारला. दुसऱ्या दिवशी सरकारने इंधनाचे भाव वाढवले. इतकी वाईट वेळ ठरवूनही साधता आली नसती. रमझान चालू होता. रोजा सोडून, रात्रीची नमाज आटोपून लोक अम्मानच्या ‘चौथ्या चौका’त, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयाशेजारी जमायचे आणि पहाटेपर्यंत थांबायचे. यावेळी अम्मानचा नोकरदार मध्यमवर्ग होता, आणि मागणी होती नुसता माणूस बदलू नका, कारभाराची रीत बदला.

बदलला माणूसच. ४ जूनला हानी अल-मुल्की गेले आणि पूर्वी जागतिक बँकेत काम केलेले शिक्षणमंत्री उमर अल-रझ्झाझ आले. विधेयक मागे घेतलं गेलं. आठवड्याभरात सौदी, कुवेत आणि अमिरातीने मिळून अडीच अब्ज डॉलरचं साहाय्य जाहीर केलं. आपल्या दारात आणखी एक क्रांती त्यांना नको होती. आणि वर्ष संपायच्या आत थोडा मवाळ केलेला तोच आयकर कायदा मंजूर झाला.

तेव्हा ट्युनिशियासारखं का होत नाही? तिथे सगळा रोष राष्ट्राध्यक्ष बेन अलींवर एकवटला आणि सैन्याने त्यांना वाचवलं नाही. जॉर्डनच्या सैन्यात मआन-करकचीच मुलं आहेत, त्यांच्या घरात राजा नको म्हणणारे थोडे आणि राजाने आपल्याकडे लक्ष द्यावं म्हणणारे पुष्कळ. राजा गेला तर सत्ता कोणाची, पॅलेस्टिनी वंशाच्या लोकांची की टोळ्यांची, ही भीती दोन्हीकडे आहे. वर शेजारचा सीरिया. तिथून आलेले लाखो निर्वासित रोज डोळ्यांसमोर असताना ‘होऊन जाऊ दे’ म्हणणं सोपं नसतं.

राजवट फक्त चुचकारते असंही समजू नका. २०१९ मध्ये शिक्षकांनी महिनाभर संप करून पगारवाढ मिळवली. जुलै २०२० मध्ये त्यांच्या संघटनेच्या कार्यालयांना टाळं लागलं आणि नेते अटकेत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये डिझेलच्या भावावरून ट्रकवाल्यांनी संप केला, अकाबा बंदरातला माल अडकला, मआन भागात एक वरिष्ठ पोलीस अधिकारी मारला गेला. त्यावेळी मात्र पंतप्रधानही बदलले नाहीत.