शेजारीच शेजाऱ्याच्या जिवावर उठतो, तो नुसत्या द्वेषामुळे का?

नुसता द्वेष पुरत नाही, त्याला कामाला लावणारी यंत्रणा लागते. आफ्रिकेतला रवांडा हा देशच घ्या. बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू (तिथला बहुसंख्य समाज) की तुत्सी (अल्पसंख्य समाज) अशी नोंद केली. पुढे आरटीएलएम हे हुतू कट्टरपंथीयांचं रेडिओ केंद्र तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत राहिलं. एप्रिल १९९४ मध्ये हुतू राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासून माणसं कापली गेली. सुमारे १०० दिवसांत, बऱ्याच अंदाजांनुसार, ८ लाख. (मारायच्या लोकांच्या याद्या आधीच तयार होत्या, हे आपण विसरतो.)

आमच्या कोल्हापुरात जून २०२३ मध्ये मोबाइल स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्याची रवांडाशी बरोबरी करणं अतीच होईल. इथे जमाव पांगवायला पोलीस उतरले; तिथे सरकार आणि सैन्यच मारेकऱ्यांच्या बाजूने होतं.