भाडेकरारात नातं काय लिहायचं?

प्रश्न : आम्ही दोघी बीड जिल्ह्यातल्या. मी २६ वर्षांची, ती २४. चार वर्षांपासून आमचं प्रेम आहे. मला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून दोघी छत्रपती संभाजीनगरला राहायला जाणार आहोत. तिच्या घरी स्थळं बघणं सुरू आहे. कोर्टाबाहेर एकजण पाच हजारांत ‘लग्नाचा बॉन्ड’ करून देतो म्हणतो. घरमालकाला मावसबहिणी आहोत असं सांगायचं ठरवलंय. घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली तर काय करायचं?

उत्तर : आधी ते पाच हजार वाचवा. नोटरीचा शिक्का मारून दोघींचं लग्न होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली समलिंगी लग्नाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला अमान्य केली आणि विषय कायदेमंडळाकडे सोपवला. पण ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून तुमचं नातं गुन्हाही नाही. कायद्याच्या लेखी तुम्ही जोडपं नसलात तरी दोन सज्ञान बायका आहात. सज्ञान बाईने कुठं, कुणासोबत राहायचं याला बापाची सही लागत नाही.

मावसबहिणीचं सोंग घेऊ नका. करारात तसं लिहिलं की पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या माहितीतही तेच लिहावं लागेल, आणि उद्या मालकच म्हणेल, फसवलं. मुळात नातं लिहायची गरजच नाही. भाडेकरू म्हणून दोघींची नावं घाला, नाहीतर दुसरी नुसती पाहुणी ठरते. ‘मैत्रिणी आहोत, मिळून राहणार’ एवढं तोंडी पुरे, आणि ते खोटंही नाही. करार नोंदवूनच घ्या. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे बऱ्याच मुलींचं बापाच्या नाहीतर भावाच्या नावावर असतं. त्याने ते बंद केलं की आधारचा ओटीपी, बँक, फोन-पे सगळं एका दिवसात अडतं. निघण्याआधी स्वतःच्या नावाचं सिम घेऊन आधारला आणि बँकेला तो नंबर जोडा. मार्कशीट, टीसीच्या मूळ प्रती ताब्यात घ्या. दागिने मात्र तुमच्यासाठी केलेले असले तरी घरीच ठेवा. पळवून नेल्याची तक्रार टिकत नाही म्हटलं की चोरीची येते, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

मिसिंग, म्हणजे हरवल्याची तक्रार, दाखल झाली तर लपू नका. राहता त्या हद्दीतल्या ठाण्यात वकील घेऊन जा आणि ‘स्वखुशीने आले’ असा जबाब प्रत्येकीने द्या. निघायच्या दिवशीच तसा अर्ज गावाकडच्या ठाण्याला आणि एसपी ऑफिसला स्पीड पोस्टाने टाकला तर आणखी बरं. ‘गावी चला, तिथं बघू’ म्हणाले तर नको म्हणा. सज्ञान मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध आईबापांच्या हवाली करायचा अधिकार पोलिसांना नाही.

तिला नेऊन डांबलंच, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबिअस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, तुम्ही स्वतः दाखल करू शकता. नात्याच्या खोलात शिरू नका आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ ला न्यायालयांना बजावलंय. ‘डॉक्टरला दाखवू’ हीही घरच्यांची ठरलेली वाट असते. म्हणून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ खाली, आपली नामनिर्देशित प्रतिनिधी (मानसिक उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने बोलणारी व्यक्ती) तुम्ही आहात असं तिने आजच साध्या कागदावर लिहून सही करून ठेवावं. तुम्हीही तिच्यासाठी तेच करा.

बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र हवं. पीएफचं वेगळं आहे. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तिथं तिचं नाव चालणार नाही.

वकिलाच्या फीची चिंता नको. बाईला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एक खटकलं. पत्र तुम्ही लिहिलंय, तिचं म्हणणं त्यात कुठंच नाही. पोलीस असोत की न्यायाधीश, तिला एकटीला बसवून विचारतील, तेव्हा तुम्ही शेजारी नसाल. निघायची तारीख तिला ठरवू द्या.