राखपंखी काय खातात ते आधी ठरवा, फॉर्म नंतर भरा

तुमची पोस्ट वाचली आणि हसू पण आलं, वैताग पण आला, कारण काल्पनिक प्राण्यांसाठीचा प्रकाशनाचा तो फॉर्म मी ओळखतो. नाव, उंची, वजन, शक्ती, कमजोरी, 'वाचकाला भीती किती वाटेल' आणि शेवटी चित्रकारासाठी रंग. तुम्ही विचारलंय की तुमच्या कादंबरीतल्या राखपंखींचे (हत्तीएवढे, उडणारे, आग ओकणारे प्राणी) सगळे रकाने भरून आधी प्राणीकोश, म्हणजे प्राण्यांच्या माहितीचे हे फॉर्म, प्रकाशनाला पाठवू की कादंबरी पुढे लिहू, आणि हजार राखपंखी उजाड डोंगरावर राहतात हे वाचून मित्र "खोटं वाटतं" का म्हणाले. ही दोन्ही एकाच दुखण्याची टोकं आहेत असं मला वाटतं. (मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही, वाचून-विचारून शिकलोय, तेव्हा कुणी जाणकार खोडून काढत असेल तर त्याचं ऐका.)

नकाशा, भाषा, नावं वगैरे तुम्ही केलेलंच दिसतंय, ते सोडतो.

माझ्या कादंबरीच्या जगात दवझेल्या नावाचा प्राणी होता. मांजराएवढा, पाठीवर खवल्यांच्या रांगा, पहाटे वाऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि धुक्याचे थेंब खवल्यांमधल्या खाचांतून ओघळून थेट तोंडात. हे हवेतून काढलेलं नाही, नामिबच्या वाळवंटात एक भुंगा डोकं खाली करून उभा राहतो आणि अंगावर जमलेलं धुकं पितो, आणि ऑस्ट्रेलियातल्या काटेरी सरड्याच्या कातडीवर तर अशा बारीक खाचा असतात की पाणी आपोआप तोंडाकडे ओढलं जातं. आमच्या गोष्टीतली माणसं दवझेले जिथे जमतील तिथे धुक्याचं पाणी धरायला जाळ्या लावायची, कारण धुकं कुठे उतरणार ते या प्राण्यांना आधी कळतं. एक टोळी कातड्यासाठी त्यांना चोरून मारत होती आणि त्यामुळे सगळ्यांचंच पाणी कुठे शोधायचं ते कळेनासं झालं. बस, एवढंच कथानक.

तर त्या प्रकाशनाच्या (नाव घेत नाही, उगाच वाद नको) संपादकीय विभागाकडून मेल आला की मांजराएवढ्या प्राण्याला कोण घाबरणार, घराएवढा करा. खाली सही 'संपादकीय विभाग', माणसाचं नाव नाही, फोन केला की "मेलवरच बोला". मी समजावून लिहिलं की हा प्राणी घाबरवायला नाहीच आहे. उत्तर आलं, फॉर्ममधला उंचीचा रकाना सुधारून पाठवा. म्हणजे मजकूर कुणी वाचलाच नव्हता, फक्त तक्ता बघितला होता, आणि त्या तक्त्यात 'काय खातो, काय पितो' हा रकानाच नाही!

आता हिशोब बघा, कारण तुमच्या राखपंखींनाही हाच लागू होतो. प्राणी लांबी-रुंदी-उंचीने दहापट केला की त्याची कातडी शंभरपट होते आणि वजन हजारपट. हे गॅलिलिओने 1638 मध्येच हाडांच्या बाबतीत मांडून ठेवलंय, मोठ्या प्राण्याची हाडं नुसती लांब करून चालत नाहीत, प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात. दवझेल्या 4 किलोचा होता, तो झाला 4 टनांचा. धुकं गोळा होणार पाठीवर, म्हणजे पाणी शंभरपट. गरज बरोबर हजारपट होत नाही हे मान्य, 1932 मध्ये क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च वजनाच्या पाऊण (0.75) घाताने वाढतो, म्हणजे हजारपट वजनाला साधारण 178 पट, आणि पाण्याचंही ढोबळमानाने तसंच धरा. तरी मिळतंय 100 आणि लागतंय 178. दवझेल्या तहानेने मेला. मग त्याला नदीवर न्यावं लागलं, नदी आली म्हटल्यावर माणसांना जाळ्या कशाला, जाळ्या गेल्या तर टोळीचा गुन्हा काय... सगळं लिखाण त्या एका रकान्यापायी ढासळलं. आणि हे सगळं बदलून पाठवल्यावर कळवलं काय, तर "कथानकात तर्क कमी पडतो, तूर्त विचार करता येत नाही". धन्य!

असो. राखपंखींकडे येतो.

हत्तीएवढे, उडणारे, फक्त मांस खाणारे, हजार. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी साधारण 50 जनावरं लागतात, आणि दरवर्षी 50 मारूनही कळप टिकायचा तर आजूबाजूला 500 तरी असावी लागतात. 200 किलोच्या वाघाऐवजी 4 टनांचा राखपंखी धरला तर त्याच पाऊण घाताच्या हिशोबाने एकाला नऊ-दहा वाघांचं खाणं. हजार राखपंखी म्हणजे वर्षाला पाच लाखांच्या आसपास हरणं, आणि ती पुरवायला पन्नासेक लाखांचा कळप, तोही अशा डोंगरावर जिथे तुम्हीच लिहिलंय की गवताचं पातं उगवत नाही. तुमच्या मित्रांनी हे गणित केलं नसेल, पण वाचताना पोटात काहीतरी खटकतं ते हेच.

यातून तीन वाटा मला दिसतात आणि तिसरी मला सगळ्यात आवडते. संख्या कमी करा, हजाराऐवजी दहा-बारा, मग प्रत्येकाला नाव आणि स्वभाव देता येईल. किंवा आकार कमी करा, उडायच्या दृष्टीनेही ते बरं, कारण उडणाऱ्यांत आजवर सापडलेला सगळ्यात मोठा क्वेट्झलकोॲटलस (डायनासोरांच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी) पंख पसरून दहाएक मीटरचा होता आणि त्याचं वजन बहुतेक जण 200-250 किलो धरतात, हत्तीच्या जवळपासही नाही. किंवा मग त्यांना थंड रक्ताचे करा. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं खाणं लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात सरपटणाऱ्याचं भागतं, अजगर एकदा मोठी शिकार गिळून महिनोन्महिने पडून राहतो. मग तुमचे राखपंखी वर्षाचा बराच काळ दगडासारखे निपचित, डोंगर खरंच उजाड, आणि स्थलांतर करणारे कळप खालून जायला लागले की उन्हात पंख तापवून सगळे एकदम उठतात. गावकऱ्यांचं पंचांगच त्यावर चालेल! कळप एखाद्या वर्षी आलेच नाहीत तर काय, हा प्रश्न म्हणजे तुमची अख्खी कादंबरी आहे.

हत्तीएवढं धूड उडतं कसं याला "जादू" म्हणालात तरी माझी हरकत नाही, पण एकदाच म्हणा. उडायला जादू, खायला जादू, आग ओकायला जादू असं झालं की वाचक कशाचीच काळजी करणं सोडतो. आगीसाठी तर जादू लागतच नाही, बॉम्बार्डिअर नावाचा भुंगा पोटातल्या एका कप्प्यात रसायनांचं मिश्रण साठवतो आणि वेळ आली की ते दुसऱ्या कप्प्यात ढकलतो, तिथल्या विकरांनी (एन्झाइम) ते भडकतं आणि जवळजवळ 100 अंशांचा फवारा सुटतो. साठा संपला की पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणजे दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी आग नाही. फॉर्ममधल्या 'कमजोरी' रकान्याला हे लिहा, निदान खरं असेल.

अजून एक, विषयाबाहेरचं. मेलेले राखपंखी कुठे जातात? एवढी हाडं पडली तर गिधाडं, किडे, हाडं फोडणारा एखादा प्राणी येणारच, आणि त्याच्यावर जगणारी माणसं पण. मोठ्या प्राण्यापेक्षा त्याच्या उष्ट्यावर जगणारे मला नेहमी जास्त मजेशीर वाटतात, पण ही माझी आवड झाली.

कोश आत्ता पाठवू नका. फारच मागे लागले तर उंची-वजनाच्या रकान्यात "मजकूर वाचून मग चर्चा" लिहून पाठवा, आणि आकार बदलायला सांगणारा प्रत्येक मेल जपून ठेवा, फोनवर काही ठरलं तर तेही लगेच मेलने लिहून कळवा. सगळीच प्रकाशनं अशी नसतात, माझा नंतरचा अनुभव चांगला आहे. दवझेल्या आता परत मांजराएवढा आहे.

पिल्लांचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, ती कळप यायच्या आधी जन्मतात की नंतर?