उणे दहा म्हणजे नेमकं किती थंड?

प्रश्न : ताई, जन्मापासून मी सौम्य हवेत वाढले. स्वेटर आहे, पण वर्षातून एकदा उन्हं दाखवायला कपाटातून निघतो तेवढाच. आता नोकरीसाठी जिथे जाणार आहे तिथे हिवाळ्यात तापमान उणे दहा-पंधरापर्यंत उतरतं. जो तो सांगतो, भरपूर जाड कोट घे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : नाही भागणार. कोट घ्याच, पण आधी बूट बघा. बर्फाच्या प्रदेशात इतके हिवाळे काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की नवख्या माणसाला थंडीपेक्षा पायाखालची जमीन जास्त छळते. पांढरा भुसभुशीत बर्फ निदान दिसतो तरी. भीती आहे ती रस्त्यावर गोठलेल्या पाण्याच्या पातळ थराची. तो पारदर्शक असतो, खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं, आपल्याला वाटतं रस्ता नुसता ओला आहे. दिवसा वितळलेलं पाणी रात्रीतून पुन्हा गोठतं, म्हणून सकाळी जास्त जपायचं. पुलावर तर आणखीच. त्याला वरून नि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, त्यामुळे तो बाकीच्या रस्त्याच्या आधी गोठतो. तळाला खोल खाचा असलेले, आत बोटं हलतील असे बूट घ्या. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्तच गारठतात. पावलं छोटी टाका, पाऊल सपाट टेकवा, हात खिशाबाहेर ठेवा. खिशात हात घालून ऐटीत निघालेला कुणी दिसला की मी मनात म्हणते, हा यंदाच आलेला दिसतोय!

आता तुमच्या त्या उणे दहाबद्दल. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, वारा किती आहे ते आधी बघा. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४०च्या सुमारास अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेलं नळकांडं उघड्यावर टांगलं आणि कमीजास्त वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं. हवामानाच्या बातम्यांत ‘जाणवणारं तापमान’ म्हणून जो आकडा देतात, त्याची सुरुवात तिथली. सूत्र पुढे २००१मध्ये सुधारलं. त्यानुसार उणे दहाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला उणे वीससारखं लागतं. वारा नसलेला, स्वच्छ उन्हाचा उणे दहा मात्र चक्क सुखाचा असतो. त्या दिवशी गॉगल विसरू नका. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, डोळे चुरचुरतात.

कपड्यांचं थोडक्यात : एकच जाडजूड कपडा नको, थरावर थर घाला. अंगालगत सुती मात्र नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि चालणं थांबलं की तेच ओलं कापड हुडहुडी भरवतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी.

कोरड्या हवेबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही, आणि नव्या माणसाला चकवते तीच. गार हवेत मुळात बाष्प कमी मावतं. उणे दहाची हवा घरात घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्या बाष्पापैकी हवेत प्रत्यक्ष असलेला वाटा, १५ टक्क्यांच्याही खाली येते. मग ओठ फुटतात, बोटांच्या पेरांना चिरा जातात, सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताचा ठिपका. दाराच्या मुठीला हात लावला की चट्‌ करून झटका! स्वेटर काढताना अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. घाबरू नका, वायरिंग बिघडलेलं नाही. कोरड्या हवेत कपड्यांच्या घासण्यातून अंगावर साठलेली वीज वाट शोधते. मूठ धरण्याआधी किल्लीचं टोक टेकवावं, झटका बोटाला बसत नाही. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा, आणि अंघोळ झाल्या झाल्या, अंग किंचित ओलसर असतानाच मलम चोळा.

कानाची पाळी, नाकाचा शेंडा किंवा बोटं पांढरी पडून बधिर झाली, तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. आत या, कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझं उलटं आहे. मी थंड हवेचा, चाललोय कोरड्या उन्हाळ्यात. तिकडचे लोक म्हणतात, घामच येत नाही, त्रास नाही. खरं का?

उत्तर : घाम येतो हो, भरपूर येतो. तो अंगावर टिकत नाही, लगेच उडून जातो. त्यामुळे शरीरातलं किती पाणी गेलं ते कळत नाही, आणि माणूस डोकं दुखायला लागल्यावर बाटली शोधतो. थंड हवेतून आलेल्यांना पटत नाही, पण अशा उन्हात उघड्या हातांपेक्षा सैल, लांब बाह्या बऱ्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस दुपारची कामं सकाळवर ढकला. तिथल्या माणसांची बरोबरी नंतर करा.