विमानतळ अहिल्याबाईंच्या ‘नावावर’ की ‘नावाचा’?

प्रश्न इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका ताईंचा आहे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी वाक्य लिहिलं, ‘इंदूरचा विमानतळ देवी अहिल्याबाईंच्या नावावर आहे.’ पुण्याच्या आत्याबाईंनी ते वाचून सांगितलं, की नावावर असतं ते घर किंवा शेत. ताईंचं म्हणणं असं, की इंदुरात आम्ही सगळे असंच बोलतो, मग यात चुकलं काय? त्याच पत्रात आणखी दोन शंका आहेत. ‘नामकरण’, ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा? आणि वॉर्डातल्या एका चौकाला दिवंगत नगरसेवकाचं नाव द्यायचं ठरलं आहे, त्या पाटीवर ‘कै.’ लिहावं की ‘स्व.’?

आत्याबाईंचं बरोबर आहे. इंदूरकर तसं का बोलतात, तेही उघड आहे. हिंदीत ‘के नाम पर’ एवढ्यावर सगळं भागतं. ‘मकान पिताजी के नाम पर है’ आणि ‘हवाई अड्डे का नाम अहिल्याबाई के नाम पर रखा गया’, दोन्हीकडे तोच ‘पर’. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या तोंडी त्या ‘पर’चा ‘वर’ होतो. हल्ली हा प्रयोग महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतही दिसू लागला आहे, तेव्हा दोष एकट्या इंदूरकरांच्या माथी मारायचं कारण नाही.

पण मराठीतल्या ‘नावावर’ला त्याचे स्वतःचे अर्थ आहेत. पहिला मालकीचा किंवा जबाबदारीचा: घर बायकोच्या नावावर केलं, कर्ज माझ्या नावावर आहे. दुसरा नोंदीचा: भारताचा पहिला कसोटी कर्णधार हा मान होळकर संघाच्या सी. के. नायडूंच्या नावावर आहे. एखाद्याच्या नावावर चार गुन्हे असतात. तिसरा, नाव पुढे करून काम साधण्याचा: वडिलांच्या नावावर निवडून आला, धर्माच्या नावावर मतं मागितली. या तिन्हींत कुणाची आदरानं आठवण ठेवणं कुठेच बसत नाही. विमानतळ अहिल्याबाईंच्या नावावर आहे असं लिहिलं, की मराठी वाचकाच्या मनात आधी मालकीच येते.

आणि अहिल्याबाईंच्या बाबतीत तर हा फरक जपायलाच हवा. होळकरांकडे दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा. अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळं उभारली, काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा बांधलं, त्या दानधर्माचा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला, ही गोष्ट इंदूर-महेश्वरच्या मराठी घरांत आजही अभिमानानं सांगितली जाते. आपल्या नावावर काय आहे आणि रयतेचं काय आहे याचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या बाईंबद्दल लिहिताना ‘नावावर’ हा शब्द सैल हातानं टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग लिहायचं काय? ‘इंदूरच्या विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकर यांचं नाव दिलं आहे.’ साधं, सरळ आणि निर्दोष. किंवा ‘अहिल्याबाईंच्या नावाचा विमानतळ’. इथे ‘च्या’ गाळून मात्र चालणार नाही. ‘अहिल्याबाई नावाचा विमानतळ’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला ते नाव ठाऊक नाही असं आपण धरून चालतो. ‘रमेश नावाचा एक मुलगा’ म्हणतो ना, तशी ती अनोळखी माणसाची ओळख होते. एका ‘च्या’नं ओळख करून देणं आणि मान देणं वेगळं होतं.

‘नावावरून’ हा शब्द आणखी निराळा. तो नावाची व्युत्पत्ती सांगतो. इंदुरातल्या वस्त्या घ्या: मल्हारराव होळकरांच्या नावावरून मल्हारगंज, तुकोजीरावांच्या नावावरून तुकोगंज. मूळ नाव थोडं बदलून, त्याला काही जोडून नवं नाव घडलं, की ‘नावावरून’ शोभतं. जिथे पूर्ण नाव जसंच्या तसं पाटीवर चढवलेलं असतं, तिथे त्याची गरज नाही. ‘नावाने’ चालतं, पण पुढचं क्रियापद पाहून: ‘अहिल्याबाईंच्या नावाने विद्यापीठ आहे’ ठीक, ‘अहिल्याबाईंच्या नावाने ओळखलं जातं’ त्याहून बरं. कारण ‘कुणाच्या तरी नावाने’ म्हटल्यावर मराठीत खडेही फोडता येतात आणि शंखही करता येतो. ‘नावे’ हा शब्द मी बँकेसाठी आणि मृत्युपत्रासाठी राखून ठेवीन.

क्रियापदाबद्दलही एक सांगतो. मुलाचं नाव ‘ठेवतात’, चौकाला कुणाचं तरी नाव ‘देतात’. ‘ठेवलं’ म्हटलं तर व्याकरण मोडत नाही, आजोबांचं नाव नातवाला ठेवतातच. पण ‘ठेवणे’ला अनेकवचनाचा धोका आहे. एक नाव ठेवलं तर बारसं, नावं ठेवली तर निंदा. सार्वजनिक नावांच्या बातमीत अनेकवचन हटकून येतं, ‘शहरातल्या पाच उद्यानांना नेत्यांची नावं ठेवली’ अशा वाक्यावर डोळा अडखळतो. ‘दिली’ लिहावं.

आता दुसरी शंका. ‘नामकरण’ म्हणजे पहिल्यांदा नाव देणं, मुळात तो संस्कारच आहे. नवा पूल, नवं सभागृह, नवा चौक यांचं नामकरण होतं. ते वास्तूचं होतं, व्यक्तीचं नव्हे, त्यामुळे ‘अमुक नेत्याच्या नावाचे नामकरण’ ही शब्दांची खिचडी टाळावी. ‘नामाभिधान’ हाही असाच एक भारदस्त शब्द निमंत्रणपत्रिकांत दिसतो. नाम म्हणजे नाव आणि अभिधान म्हणजेही नाव. त्या जागी ‘नाव’ लिहिलं तर काहीही बिघडत नाही.

‘नामांतर’ म्हणजे असलेलं नाव जाऊन दुसरं येणं. इंदुरात याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. १९०४ साली बांधलेला किंग एडवर्ड हॉल १९४८ मध्ये गांधी हॉल झाला. १९६४ चं इंदूर विद्यापीठ १९८८ मध्ये देवी अहिल्या विद्यापीठ झालं. उषाराजे ट्रस्टचं क्रिकेट मैदान २०१० मध्ये होळकर स्टेडियम झालं. शेजारचं महू २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं. लिहिताना एक पथ्य पाळावं: ज्या काळाची गोष्ट सांगतो, त्या काळचं नाव वापरावं. ‘बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूला झाला’ हेच वाक्य योग्य, हवं तर पुढे ‘आजचं डॉ. आंबेडकर नगर’ जोडावं. तसंच १९६४ मध्ये ‘देवी अहिल्या विद्यापीठ स्थापन झालं’ असं लिहू नये, त्या वर्षी ते नाव नव्हतं.

इंदूरच्या मराठी माणसाला या शब्दात एक अडचण आहे, ती महाराष्ट्रातल्या वाचकाला सुचणारही नाही. मध्य प्रदेशात ‘नामांतरण’ हा शब्द तहसिलीत आणि नगर निगमात रोज लागतो. वडील गेले, घर मुलांच्या नावे चढवायचं, की नामांतरणाचा अर्ज करा. महाराष्ट्रात यालाच ‘फेरफार’ म्हणतात. त्यामुळे इंदुरात ‘काकांच्या प्लॉटचं नामांतर झालं का?’ हा अगदी घरगुती प्रश्न असतो. त्याच कानांवर ‘विमानतळाचं नामांतर’ पडलं, की पुन्हा मालकीचाच वास येतो. कदाचित ‘नावावर’ला इथे एवढं बळ मिळालं त्यामागे या सरकारी शब्दाचाही हात असेल. स्मरणिका इंदुरातच वाचली जाणार असेल, तर ‘नाव बदललं’ एवढे दोन शब्द पुरेसे आहेत, कुणाचाच गैरसमज होणार नाही.

आणि महाराष्ट्रात तर ‘नामांतर’ हा शब्द कोशातल्या अर्थाच्या फार पुढे गेलेला आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ मध्ये केला आणि प्रत्यक्ष नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत माणसांनी मार खाल्ला, घरं जळली, जीव गेले. त्या लढ्याचं नावच नामांतर. शेवटी जे झालं त्यात ‘मराठवाडा’ गेलं नाही, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं नाव आलं, म्हणून त्याला ‘नामविस्तार’ म्हणतात. जुनं नाव शाबूत ठेवून त्यात भर घालणं हा या शब्दाचा नेमका अर्थ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हा २०१४ चा नामविस्तारच. मुंबईच्या विमानतळाला आधी छत्रपती शिवाजींचं नाव होतं, २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं, हाही नामविस्तार. दिल्लीच्या पालमला १९८६ मध्ये इंदिरा गांधींचं नाव मिळालं तेव्हा ‘पालम’ अधिकृत नावात उरलं नाही, म्हणून तिथे हा शब्द लागू होत नाही. ज्यांनी तो लढा पाहिला आहे, त्यांच्यासमोर हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

ताईंनी विचारलेलं नाही, पण त्यांच्या वाक्यावरून सुचलं ते सांगतो. माणसाचं नाव जागेला पुरतं चिकटलं की नाही, हे मराठीत विभक्तीवरून कळतं. वि. सी. सरवटे इंदूरचे, मध्य भारतातून घटना समितीवर गेलेले. त्यांच्याबद्दल बोलताना आपण म्हणू, ‘सरवट्यांनी घटना समितीत काम केलं.’ आणि त्यांचं नाव दिलेल्या स्थानकावरून बस पकडायची असेल तर? ‘सरवटेवरून उज्जैनची गाडी मिळेल.’ माणसाचा ‘सरवट्यां-’ झाला, त्यात आदराचं अनेकवचनही आलं; स्थानकाचं ‘सरवटे’ तसंच राहिलं. असं बोलणाऱ्याला कुणी व्याकरण शिकवलेलं नसतं, तरी तो चुकत नाही. हा अनादर नाही, नाव रोजच्या वापरात रुळल्याची ती खूण आहे. म्हणूनच ‘देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर’ असं लिहावं, मधे ‘होळकरांच्या’ घालू नये.

आद्याक्षरांचं मात्र मला वाईट वाटतं. एमवाय आणि एमटीएच ही रुग्णालयं, डीएवीवी म्हणजे देवी अहिल्या विद्यापीठ, शिवाय आरएनटी मार्ग, वायएन रोड. एमवायमध्ये यशवंतराव होळकर आहेत, एमटीएचमध्ये तुकोजीराव, आरएनटीमध्ये रवींद्रनाथ टागोर. रिक्षावाल्याला सांगताना आद्याक्षरंच वापरणार, त्याला इलाज नाही. पण मराठी स्मरणिकेत निदान पहिल्या उल्लेखाला ‘महाराजा यशवंतराव रुग्णालय’ असं पूर्ण लिहावं. नव्या पिढीला ते नाव वाचायला मिळेल अशा जागा आता थोड्याच उरल्या आहेत.

आणि ‘होळकर’मधला ळ सोडू नका. हिंदी पाट्यांवर ‘होलकर’ असतं, ती हिंदीची रीत, तिच्याशी भांडण नाही. पण हे आडनाव नीरेकाठच्या होळ या गावावरून आलं आहे. ळचा ल केला की ते गावच पुसलं जातं. मराठी मजकुरात होलकर छापलेलं दिसलं, तर मुद्रितशोधकाला तिथेच थांबवा.

राहिली चौकाची पाटी. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, हा वारकऱ्यांत चालतो. मुसलमान व्यक्तीसाठी जुन्या मराठीत ‘पैगंबरवासी’ असे. प्रत्येक शब्दाला आपापली श्रद्धा आहे, तेव्हा गेलेल्या माणसाची श्रद्धा पाहूनच तो निवडावा लागतो. बौद्ध कुटुंबाला ‘कै.’ रुचणार नाही. ‘स्व.’ मराठीतही चालतं, हिंदी प्रदेशात तर तेच रूढ आहे. फक्त सावरकरांच्या नावाआधीच्या ‘स्वा.’शी त्याची गल्लत होऊ देऊ नका, तिथे काना आहे आणि अर्थ स्वातंत्र्यवीर. सगळ्यांना चालेल असा शब्द हवा असेल तर ‘दिवंगत’.

पण पाटीवर यातलं काहीही लिहू नका, असं माझं मत आहे. गांधी हॉलवर कुणी ‘कै.’ लिहिलं नाही, सरवटे स्थानकावर ‘स्व.’ नाही. ही अक्षरं निधनवार्तेत, वर्षश्राद्धाच्या निमंत्रणात आणि देणगीच्या शिळेवर ‘यांच्या स्मरणार्थ’च्या आधी शोभतात. चौकाला नाव दिलं की ते पत्त्यात येतं, आणि पत्त्यात कुणी ‘कै.’ लिहीत नाही. ‘स्मरणार्थ’ही फक्त गेलेल्यांसाठीच. मध्य प्रदेश सरकारनं लता मंगेशकर पुरस्कार १९८४ मध्ये सुरू केला तेव्हा लताबाई हयात होत्या. त्यांच्या निधनानंतर त्या पुरस्काराबद्दल ‘स्मरणार्थ सुरू केलेला’ असं लिहिलं तर ते खोटं होईल, तो ‘गौरवार्थ’ होता.

तेव्हा पहिल्या ओळीत नुसतं नाव आणि ‘चौक’, अक्षर मोठं. खाली लहान अक्षरांत ‘नगरसेवक’, ते पद त्यांनी सांभाळलं ती वर्षं, आणि जन्म-मृत्यूची सालं. दोन सालं लिहिली की माणूस हयात नाही हे कळतं. नगर निगमाची पाटी हिंदीतच होणार असेल, तर आडनावाची मराठी वर्तनी त्यांना आधी लेखी द्या. एकदा पत्रा रंगला, की तो बदलून घ्यायला फार खेटे घालावे लागतात.